एका बाहीची नवरी

"लिही," डेसमामा म्हणाला. "डेस्मंड ॲम्ब्रोज स्टब्ज. दक्षिण बेटावरचा सर्वांत तल्लख मेंदू. ज्याच्या तावडीतून एकतीस वर्षांत एकही गुन्हेगार सुटला नाही. ज्याला गुन्ह्याचा वास गुन्हा घडायच्या आधीच येतो. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होता, एखादा गवई स्वतःचीच रेकॉर्ड ऐकतो तसा.

"'तल्लख'च्या आधी 'बहुधा' घाल," तो म्हणाला. "थोडा विनय दिसला पाहिजे."

घातलं. आता माझ्या पदरची माहिती: ही एकतीस वर्षं मामा पोर्ट एलरीच्या नगरपालिकेत भटकी कुत्री पकडायच्या खात्यात होता. तावडीतून न सुटलेले गुन्हेगार सगळे चार पायांचे. तो निवृत्त झाला त्या दिवशी कुत्री सुटली आणि मामा मोकाट झाला. त्याने दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली आणि मला सहायक नेमलं. कारण काय, तर "ब्रॉनी, तू तशीही घरीच असतेस."

घरीच असते म्हणजे पिपाला सांभाळते. पिपा नऊ महिन्यांची आहे आणि जग तोंडाने बघते. विद्यापीठात मी तीन वर्षं जीवशास्त्र शिकले. त्यामुळे बाळाने काय गिळलं तर काय होऊ शकतं, याची माझी यादी इतर आयांच्या यादीपेक्षा बरीच लांब आहे. माझा नवरा म्हणतो, तू शिकली नसतीस तर आपण दोघं झोपलो असतो.

तर त्या बुधवारी सकाळी आम्ही चर्चच्या जुन्या हॉलमध्ये बसलो होतो. नोव्हेंबर म्हणजे आमच्या गावाचा व्हिक्टोरियन आठवडा. अख्खं गाव सव्वाशे वर्षं मागे जातं. खाटीक उंच काळी हॅट घालून सॉसेज विकतो, बँकेतल्या मुली कंबर आवळणारे कॉर्सेट घालून कॉम्प्युटरपुढे ताठ बसतात आणि दुपारी तीनच्या सुमारास एकेक करून निळ्या पडतात. हे सगळे कपडे आणि हॅट्स आमचं शिवण मंडळ जुन्या पॅटर्नवरून, म्हणजे कापड बेतायच्या कागदी साच्यांवरून, शिवतं. हॉलच्या भिंतीवर अध्यक्षबाई मर्ल यांनी लावलेला कामांचा तक्ता आहे: झाडू कोण, चहा कोण, कुलूप कोण, बोळे कोण. बोळे म्हणजे हॅट्स आणि जे जे म्हणून फुगलेलं असेल ते रात्रीत बसू नये म्हणून आत पातळ कागद कोंबायचा. हॉलची किल्ली मामाकडे असते, त्यामुळे तक्त्यात त्याचंही नाव येतं. असल्या कामांना तो 'वेशांतर' म्हणतो.

"पुढे लिही," मामा म्हणाला. "'पंचेंद्रियं सदैव सावध.'"

मी लिहिण्यासाठी मान खाली घातली, तेवढ्यात पिपा फारच शांत झाल्याचं जाणवलं. मूल शांत झालं की इतर आया देवाचे आभार मानतात. मी उडी मारते. पिपा खालच्या फळीशी बसून काहीतरी चघळत होती. मी बोट घातलं आणि तोंडातून पातळ कागदाचा एक ओला गोळा बाहेर काढला.

बरोबर त्याच क्षणी आतल्या खोलीतून नोलीनची किंकाळी आली.

"बाही! माझी बाही गेली!"

मी हातातल्या गोळ्याकडे बघितलं. पिपाने माझ्याकडे बघितलं आणि एक समाधानाची ढेकर दिली.

*

नोलीन टकर चौऱ्याहत्तर वर्षांच्या. शनिवारी दुपारी दोन वाजता, बंदराच्या रस्त्यावर, सगळ्या गावासमोर त्यांचं वॉलीशी लग्न होतं. हे त्यांचं दुसरं. "पहिल्या लग्नात मी मिनी स्कर्ट घातला होता," त्या सांगतात, "आणि ते लग्नही तेवढंच आखूड निघालं."

या वेळी त्या आजीचा पोशाख घालणार होत्या. घालणार म्हणजे, आजीने तो कधी शिवलाच नव्हता. आजी इझाबेलने अठराशे पंच्याण्णव साली स्वतःच्या लग्नासाठी लंडनहून बोटीने कागदी पॅटर्न मागवला. तो येईपर्यंत नवरा मुलगा "पुढच्या बोटीने परत येतो" असं सांगून ऑस्ट्रेलियाला गेला. पुढच्या बोटी बऱ्याच आल्या. इझाबेलने पाच वर्षांनी दुसऱ्याच भल्या माणसाशी साध्या तपकिरी कपड्यांत लग्न केलं, आणि पॅटर्न पाकिटातच राहिला. त्यावर टाचणीचं एक भोकसुद्धा नव्हतं.

त्या काळच्या पॅटर्नवर काही छापलेलं नसे. नुसता झिरझिरीत कागद, आणि कुठला तुकडा कुठला हे ओळखायला त्यात पाडलेली गोल भोकं. नोलीननी सहा महिने खपून सगळा पोशाख शिवला. तेव्हाच्या फॅशनची ती अवाढव्य बाही, खांद्याशी भोपळ्यासारखी फुगलेली आणि कोपराखाली एकदम आवळलेली. आम्ही मेंढ्यांच्या मुलखातली माणसं, आम्ही तिला सरळ 'तंगडी' म्हणतो. उजवी तंगडी झाली. डाव्या तंगडीला रेशीम कमी पडलं. ते डनिडनहून बुधवारी सकाळी आलं. नोलीननी टेबल बघितलं, पाकीट उघडलं, तर बाहीचा कागद नाही.

"शेवटचा कधी पाहिलात?" मामाने विचारलं. त्याचा आवाज एकदम दोन पट्ट्या खाली गेला होता.

"काल संध्याकाळी. टेबलावर पसरला होता. जाड कागदावर उतरवून घेणार होते. तेवढ्यात फोन आला की रेशीम निघालं, त्या आनंदात मी तशीच घरी गेले."

"नोलीन!" मर्ल म्हणाल्या. "आपला पहिला नियम काय? जुना पॅटर्न आधी उतरवायचा, मग कात्रीला हात लावायचा!"

"बाकी सगळे तुकडे उतरवले गं! बाही टेबलापेक्षा मोठी. म्हटलं, उद्या दोघी मिळून उतरवू."

"झालेल्या बाहीवरून उतरवून घेता येणार नाही का?" मी विचारलं. आवाज जमेल तितका निरागस ठेवला.

"अस्तर, अकरा ओळी चुण्या, आणि रेशीम असं की बघितलं तरी उसवतं." नोलीन खुर्चीवर बसल्या. "एक उसवायला गेले तर दोन्ही जातील. आणि दुकानातला दुसरा पॅटर्न आणू नका. मला माझ्या इझाबेलचाच हवा. नाहीतर राहू दे. वॉलीशी लग्न करीन, पण सोमवारी, कचेरीत, स्वेटर घालून."

त्यांच्याशेजारी ग्लेनिस बसल्या होत्या. मेंढपाळाच्या विधवा, हात फावड्याएवढे, आणि त्या हातांनी गावातल्या सर्वांत नाजूक हॅट्स करतात. नोलीन आणि त्या चाळीस वर्षं एकाच बाकावर बसून शिवताहेत. ग्लेनिसनी नोलीनच्या पाठीवर हात ठेवला, तशी नोलीन दोन इंच खाली गेल्या.

मी मात्र ओला गोळा रिकाम्या डबीत बंद करून लंगोटांच्या पिशवीत तळाशी ठेवला. बोलायला हवं होतं, मान्य आहे. पण गेल्याच महिन्यात मला मंडळात घेतलं होतं, आणि "माझ्या मुलीने तुमची आजी खाल्ली" हे वाक्य कसं सुरू करायचं ते मला विद्यापीठात शिकवलं नव्हतं.

*

मामाने तपास सुरू केला. म्हणजे आधी चष्मा शोधला. तो कपाळावर सापडला. ही त्या दिवशीची एकमेव यशस्वी कारवाई.

टेबलावर त्याला बारीक भोकांची एक सरळ रांग दिसली. तो खाली वाकला, हुंगला, आणि मान डोलावली.

"दात," तो म्हणाला. "लहान, धारदार, एका रांगेत. बहुधा टेरियर कुत्रा. पांढरा, डाव्या कानावर डाग."

"डेस, ते पॅटर्न उतरवायच्या चाकाचे ठसे आहेत," मर्ल म्हणाल्या आणि त्याच्या नाकापुढे ते दातेरी चाक फिरवलं. "चाळीस वर्षं याच टेबलावर फिरतंय."

"मग टेरियरला सोडून द्या," मामा म्हणाला. "पण शहर सोडून जायचं नाही म्हणावं."

मग त्याला टेबलाखाली बिस्किटाचा चुरा सापडला. त्याने बोटावर घेऊन चाखला.

"आल्याचं बिस्कीट. लिही: गुन्हेगार आल्याची बिस्किटं खातो." हे तो तोंडातलं आल्याचं बिस्कीट दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला.

दुपारपर्यंत त्याने बाकीच्या तुकड्यांवरच्या भोकांचा अभ्यास केला. पोर्ट एलरीच्या डोंगरात एके काळी सोनं सापडत होतं. इझाबेलचा पळपुटा नवरा मुलगा सोनं शोधायलाच आला होता. मामाने दोन्ही गोष्टींची गाठ मारली.

"ही सांकेतिक लिपी आहे, ब्रॉनी! तीन मोठी भोकं म्हणजे तीन खाणी. बाहीवर नकाशा होता. म्हणून बाहीच चोरली!"

"तीन मोठी भोकं म्हणजे इथे कापडाची घडी," ग्लेनिस हॅटवरून नजर न उचलता म्हणाल्या.

"घडी कुठल्या डोंगरात आहे?"

"तुझ्या डोक्यात."

मी या काळात हॉलच्या मागच्या पायरीवर जाऊन बाळांच्या नर्सना फोन लावला.

"बाळाने कागद खाल्लाय," मी कुजबुजले.

"किती?"

"नक्की सांगता येत नाही. जास्तीत जास्त एक बाही."

"केवढी बाही?"

"अठराशे पंच्याण्णवची."

"बाळ हसतंय का?"

"हो."

"मग तुम्ही चहा घ्या, बाई."

चहा घेतला. पण सांगते, त्या दिवसापासून पिपाचा प्रत्येक लंगोट मी ज्या बारकाईने तपासला, तशी डेसमामाने आयुष्यात एक गोष्ट तपासली नव्हती. पुरावा मिळाला नाही. मिळाला असता तर नोलीनला तो कुठल्या अवस्थेत परत करायचा, हाही प्रश्नच होता.

*

गुरुवारी मामाला नवा साक्षात्कार झाला: नवरदेव.

"वॉली बहात्तर वर्षांचा ब्रह्मचारी. लग्न जवळ आलं. पाय लटपटले. बाही गायब, तर लग्न गायब. सोपं आहे!"

वॉली या आठवड्यात दिवसभर त्या जुन्या उंच चाकाच्या सायकलवर असतात. पुढचं चाक माणसाएवढं, मागचं बशीएवढं. वर चढायला पायरी लागते आणि उतरायला नशीब. मामा चष्मा धरून त्यांच्या बाजूने पळायला लागला. मागून मी, बाबागाडी ढकलत.

"वॉली, थांब! चौकशी आहे!"

"थांबलो की पडतो, डेस! पळत पळत विचार!"

"मंगळवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"हिच्यावरच!"

"साक्षीदार?"

"अख्खं गाव! एवढ्या उंचावर लपू कुठे?"

"तुला... लग्नाची... भीती वाटते का?" मामाचा श्वास संपत आला होता.

"नोलीन टकर मला हो म्हणालीय, डेस! तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा! भ्यायला वेळ कुठाय?" तेवढ्यात बंदराचा उतार लागला आणि वॉलींचा आवाज लांब लांब जाऊ लागला. "तिला सांग, ती गमबूट घालून आली तरी चालेल! पण तिला चालणार नाही, म्हणून ती बाही शोध! नीट शोओओध..."

ते दिसेनासे झाले. मामा भिंतीला टेकला.

"पळून गेला," तो धापा टाकत म्हणाला. "लिही."

"मामा, तो उतार होता."

"अपराधी माणसाला नेहमी उतार सापडतो."

पण संध्याकाळी हॉलमध्ये आलो तर नोलीन एकट्याच बसल्या होत्या. शिवणकामाच्या पुतळ्यावर पोशाख होता, वर धूळ बसू नये म्हणून चादर. चादर उजव्या खांद्यावर डोंगरासारखी उंच आणि डाव्या खांद्यावर सपाट. त्यांच्या मांडीवर नवं रेशीम होतं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"इझाबेलला मी पाहिलंय," त्या मला म्हणाल्या. "मी सहा वर्षांची, ती ऐंशीच्या पुढे. कपाटातून ते पाकीट काढायची, हुंगायची, परत ठेवायची. मी विचारलं, आजी, शिवत का नाहीस? म्हणाली, आता कुठं घालून जाऊ?"

मी पिपाला छातीशी घट्ट धरलं. लंगोटांची पिशवी खांद्यावर एकाएकी मणाची झाली.

*

शुक्रवारी चार वाजता मामाने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. चौदा बायका, वॉली, चहाची मोठी किटली, चीज रोलची परात. उद्याच्या समारंभाची तालीम म्हणून बहुतेक जणी पूर्ण पोशाखात होत्या, त्यामुळे चौदा बायकांना जागा अठ्ठावीस जणींची लागत होती. लग्नाआधी नवरदेवाने नवरीचा पोशाख बघायचा नाही म्हणून वॉलींना चहाच्या खिडकीपाशी पाठ करून उभं केलं होतं. मामा मधोमध, हात मागे.

"मित्रहो," तो म्हणाला, "या हॉलमधली एक व्यक्ती गुन्हेगार आहे."

एवढं त्याचं बरोबर होतं, हे आधीच सांगून ठेवते.

"स्वतःला विचारा: बाही गेल्याने फायदा कोणाचा? नवरीच्या खांद्यावर दोन प्रचंड तंगड्या आल्या, तर लोक कुठे बघतील? खांद्याकडे! मग डोक्याकडे कोण बघणार? आणि डोक्यावर काय आहे?" त्याने नाट्यमय वळण घेतलं, त्यात एक कप पडला. "हॅट! हॅट कोणाची? ग्लेनिसची! चाळीस वर्षं बाहीच्या सावलीत जळणारी कलावंत! शिवाय मंगळवारी टेबलाच्या सर्वांत जवळ कोण बसलं होतं? ग्लेनिस! आणि तिच्या हॅटच्या खोक्यात काय सापडलं? पातळ कागद!"

"हॅटच्या खोक्यात पातळ कागद नसेल तर काय असेल, डेस? कोकरू?" ग्लेनिस म्हणाल्या. बायका हसल्या. पण ग्लेनिस हसत नव्हत्या. त्या नोलीनकडे बघत होत्या.

"तुलाही असंच वाटतं का गं?"

नोलीन 'हो' म्हणाल्या नाहीत. पण 'नाही' म्हणायला त्यांना एक श्वास जास्त लागला. तीन दिवस नीट झोप नाही, डोळे सुजलेले, त्या एका श्वासात काय काय येऊन गेलं असेल कोण जाणे. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही गं, वेडी आहेस का?"

ग्लेनिसनी हॅटपिन टाचण्यांच्या गादीत खोचली. लग्नाची हॅट, पिसं आणि रिबिनींसकट, खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"हॅट घालून जा उद्या," त्या म्हणाल्या. "मला मेंढ्या बघायच्यात."

त्या उठल्या. दुसरी एकही बाई हलली नाही. मी मात्र उठले, आणि मग उठलेच आहे तर म्हणून बोलले.

"पिपाने खाल्ली."

सगळी डोकी वळली. खिडकीपाशी वॉलींचंही वळायला लागलं. मर्लनी ते धरून परत फिरवलं.

"बाही पिपाने खाल्ली. बुधवारी. मी तिच्या तोंडातून कागद काढला आणि कोणाला सांगितलं नाही. ग्लेनिसचा काही दोष नाही. मला मंडळातून काढा. नर्स म्हणाल्या काळजी नको, पण ती वेगळी काळजी." मी पिशवीत हात घातला, दोन लंगोट आणि एक अर्धं केळं बाहेर काढलं आणि शेवटी ती डबी नोलीनपुढे धरली. "उरलीय ती एवढीच."

"माझी सहायक," मामा पुटपुटला. "माझ्याच रक्ताची. लिही... नको, तू नको लिहू."

नोलीननी डबीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला. तेवढ्यात ग्लेनिस दारातून परत आल्या, त्यांनी डबी घेतली, चष्मा लावला आणि तो वाळलेला गोळा खिडकीच्या उजेडात सोडवला.

"हा पांढरा आहे," त्या म्हणाल्या. "इझाबेलचा कागद चहाच्या रंगाचा. हा नव्या गठ्ठ्यातला बोळा. कुठून मिळाला हिला?"

"खालच्या फळीवर. निळ्या हॅटपाशी."

"म्हणजे माझ्या हॅटमधून उपसला." त्यांनी पिपाकडे बघितलं. "पोरगी निर्दोष आहे." मग त्या भिंतीकडे गेल्या. तिथे कामांचा तक्ता होता. त्यावर बुधवारपासून मामाची तपासाची हॅट टांगलेली होती. ग्लेनिसनी ती दोन बोटांनी उचलली.

'मंगळवार. कुलूप: डेस. बोळे: डेस.'

"डेस," त्या म्हणाल्या. "मंगळवारी बोळे तू भरलेस?"

"माझ्या वेशांतराचा तपासाशी काहीएक संबंध नाही."

"कागद पुरला का?"

"हॅट्सना पुरला," मामा म्हणाला. "मी काटेकोर माणूस आहे. मोजून भरतो. पुतळ्याच्या बाहीला कमी पडला. ती तंगडी आहे का बोगदा? कितीही घाला, आपलं आत! मग तिथे टेबलावर एक मोठा जुनाट घड्या पडलेला कागद पडला होता. त्यावर काही छापलेलंसुद्धा नव्हतं. भोकं पडलेली. म्हटलं रद्दी आहे, तो घेतला आणि..."

मामा थांबला.

हॉलमध्ये कोणी श्वास घेतला नाही. कॉर्सेटमध्ये तसाही घेता येत नाही.

ग्लेनिसनी चादर ओढली. स्वतःची बाही कोपराच्या वर सारली, पुतळ्याच्या गळ्यातून हात आत घातला आणि मुंढ्यातून त्या फुगलेल्या तंगडीत खोलवर नेला. डोळे छताकडे, ओठ घट्ट. पन्नास वर्षं थंडीवाऱ्यात, अडलेल्या मेंढ्यांपाशी गुडघे टेकून त्यांनी हेच केलं होतं.

"सावकाश," त्या बाहीला म्हणाल्या. "ये, ये. अशी. ओढत नाही मी, तूच ये."

आधी दोन पांढरे बोळे आले. मग, हळूहळू, चहाच्या रंगाचा एक कोपरा. मग सगळाच, चुरगळलेला, मऊ, मोठ्या रुमालासारखा. ग्लेनिसनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि नोलीनपुढे धरला.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

बाही सापडत नव्हती, कारण ती बाहीत होती. तीन दिवस आम्ही तिच्या शेजारी बसून चहा पीत होतो.

*

पुढचं सगळं भराभर झालं. मर्लनी इस्त्री गालाला लावून बघितली आणि कोमट असताना कागदावरून फिरवली. दोन टेबलं जोडली. सहा जणींनी कडा धरल्या आणि आधी, नियमाप्रमाणे, जाड कागदावर पॅटर्न उतरवला. दातेरी चाकाने भोकांची नवी रांग पडली. मामाने तिच्याकडे बघितलं, पण टेरियरचं नाव काढलं नाही.

"मी लगेच नाही म्हणायला हवं होतं," नोलीन खाली बघून म्हणाल्या.

"हो, हवं होतं," ग्लेनिस म्हणाल्या. "कापड नीट धर. वाकडी कापशील आणि उद्या तंगडी लंगडेल."

नोलीन हसल्या, मग रडल्या, मग त्यांना सांगण्यात आलं की रेशमावर रडायचं नाही, म्हणून परात जवळ घेऊन चीज रोलवर रडल्या. मला मंडळातून कोणी काढलं नाही. फक्त तक्त्यात मर्लनी नवीन ओळ घातली: 'पिपा: फळीपासून लांब. डेस: टेबलापासून लांब.'

मामा कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे चहा घेऊन गेले. वाटलं, मोडला बिचारा.

"लिही," तो म्हणाला. "डेस्मंड स्टब्जने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की गुन्हेगार आल्याची बिस्किटं खातो. सर्व पुरावे त्याच्याकडेच बोट दाखवत होते. एकतीस वर्षांत तावडीतून कोणी सुटलं नाही, आणि याही वेळी..." तो जरा अडखळला. "आणि याही वेळी त्याने कोणाची गय केली नाही."

"ग्लेनिसची माफी मागितलीस?"

"ते लिहू नकोस. मागितली. तिने मला पुढचे सहा महिने बोळे भरायला सांगितलेत. तिच्या नजरेखाली."

शनिवारी बंदरावर वारा असा होता की निम्म्या हॅट्स मालकिणींच्या आधी समारंभाला पोचल्या. नोलीन आल्या त्या दोन्ही तंगड्या फुगवून, शिडं उभारलेल्या जहाजासारख्या. डोक्यावर ग्लेनिसची हॅट, आणि ती बाह्यांपुढे जराही लहान दिसत नव्हती. वॉली जमिनीवर दोन पायांवर उभे होते, हीच मुळात मोठी गोष्ट. आणि ते आधीच रडत होते.

एक गोष्ट मात्र नवरी सोडून तिथे फक्त ग्लेनिसना आणि मला माहीत होती. सकाळी पोशाख चढवताना मर्लचं लक्ष नसताना नोलीननी तो जुना कागद हलक्या हाताने दुमडला होता आणि डाव्या बाहीत परत सरकवला होता. "जाड कागदावर उतरवलाय आता," त्या म्हणाल्या. "याचं काम झालं. आजी कुठं घालून जाऊ म्हणत होती ना? चल म्हटलं."

पाद्रींनी विचारलं. नोलीन हो म्हणाल्या, पहिल्याच वेळी. मग अंगठीसाठी त्यांनी डावा हात पुढे केला आणि बाहीच्या आतून इझाबेल सळसळली. अगदी हलकेच. पण पिपाने ऐकलं. माझ्या कडेवरून ती दोन्ही हात पसरून बाहीकडे झेपावली आणि खदखदून हसली.

डेसमामा माझ्या कानाशी वाकला. चष्मा कपाळावर, डोळे बारीक.

"ऐकलंस?" तो कुजबुजला. "नवरीच्या बाहीत कोणीतरी आहे. लिहून घे."